अंतर आणि सहवास : लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन व ‘स्मृतिचित्रे’

१

मराठी आत्मचरित्राच्या परंपरेत लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान निर्विवाद आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची थोरवी सांगताना आजवर बहुधा दोन विशेषांवर भर दिला गेला. एक, निवेदनातील निर्मळ विनोद. आणि दोन, कवी नारायण वामन टिळक यांच्यासारख्या लहरी पुरुषाशी लक्ष्मीबाईंनी निष्ठेने केलेला संसार. हे दोन्ही विशेष खरे असले, तरी त्यांच्यामुळे लक्ष्मीबाईंची एक ठरावीक प्रतिमा रूढ झाली आहे : भाबडी, हसरी, पतीच्या मागोमाग चालणारी सहधर्मचारिणी. लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा क्रम तपासला असता ही प्रतिमा टिकत नाही. ज्या दांपत्याच्या सहवासाचे चित्र म्हणून हा ग्रंथ वाचला जातो, त्या दांपत्याच्या आयुष्यातला फार मोठा काळ वियोगात गेला आहे. टिळक घरात नाहीत, कोठे आहेत ते ठाऊक नाही, आले तर केव्हा जातील ते सांगता येत नाही, ही या संसाराची नित्याची स्थिती आहे. या अंतराचे लक्ष्मीबाईंनी जगताना काय केले आणि लिहिताना काय केले, हा त्यांच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

२

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका; घरात त्यांना मनू म्हणत. या घरावर १८५७ च्या घटनांची गडद छाया होती. त्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना फाशी देण्यात आले होते आणि त्या आघाताचा परिणाम मनूच्या वडिलांच्या मनावर कायमचा झाला होता. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेने त्यांना ग्रासले. बाजारातून येणारी प्रत्येक जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुतल्याशिवाय घरात घेतली जात नसे. मुलांचे येणेजाणे, खेळणे, शिवणे या साऱ्यांवर विटाळाच्या भीतीचा पहारा होता.

हा वृत्तांत विनोदाच्या अंगाने सांगितला गेल्यामुळे त्यातील करुण भाग वाचकाच्या नजरेतून सुटण्याचा संभव असतो. ज्या घरात स्पर्श हीच शंकेची गोष्ट आहे, त्या घरात मुलगी वाढते तेव्हा जवळचे माणूस आणि आपण यांच्यामध्ये काही तरी अदृश्य उभे असते, ही जाणीव तिच्या अंगवळणी पडते. वडील क्रूर नाहीत. ते भ्यालेले आहेत. त्यांची माया आणि त्यांचे अंतर ही एकाच वेळी खरी आहेत. माणूस प्रेम करीत असताही दूर असू शकतो, हा धडा लक्ष्मीबाईंना विवाहाच्या आधीच मिळाला. तो ध्यानी घेतल्याशिवाय पुढील चरित्राचा अर्थ नीट लागत नाही. पुढे राहुरीस स्पर्शास्पर्शाच्या प्रश्नावर त्यांच्या मनाने जो निर्णय घेतला, त्याची मुळेही या घरातच शोधावी लागतात.

३

१८८० मध्ये मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. वधूचे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे, तर वर सहा-सात वर्षांनी मोठा. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथला. आई जानकीबाई मुलाच्या लहानपणीच वारलेली, वडील वामनराव कडक स्वभावाचे. काव्याची, संस्कृतची आणि वक्तृत्वाची देणगी असलेल्या या तरुणाला एका जागी स्थिर राहणे मात्र कधीच जमले नाही. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिले. नोकऱ्या धरल्या आणि सुटल्या. नाशिक, मुंबई, नागपूर, राजनांदगाव अशी त्यांची भटकंती चालू राहिली. मनात आले की निघावे, निरोपही न ठेवता निघावे, आणि तितक्याच अकस्मात परत यावे, हा त्यांचा स्वभावच होता. टिळकांच्या अशा गैरहजेरीत लक्ष्मीबाईंचा मुक्काम कधी सासरी, कधी माहेरी, तर कधी अन्य नातलगांच्या घरी पडत असे.

या काळातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. लक्ष्मीबाईंना शाळा लाभली नव्हती. लिहिणे-वाचणे त्या विवाहानंतर, टिळकांच्या उत्तेजनाने शिकल्या. ज्या पुरुषाने अक्षरे दिली तोच पुरुष वरचेवर दृष्टीआड होत होता. म्हणजे अक्षरांची गरजही त्यानेच निर्माण केली. घरात समोरासमोर बसलेल्या माणसांना पत्राची गरज पडत नाही. लक्ष्मीबाईंच्या साक्षरतेचा इतिहास त्यांच्या वियोगाच्या इतिहासाशी असा पहिल्यापासून जोडलेला आहे.

नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांना काहीसे स्थैर्य लाभले. ‘ऋषी’ हे मासिक त्यांनी तेथे चालविले. धर्माविषयीचे त्यांचे चिंतन याच सुमारास तीव्र झाले. जातिभेद मानणाऱ्या धर्मात राष्ट्राचा उत्कर्ष कसा साधेल, या प्रश्नाने त्यांना अस्वस्थ केले. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनरी गृहस्थाशी त्यांची गाठ पडली आणि त्यांच्याकडून मिळालेला बायबलचा ग्रंथ टिळकांनी मनःपूर्वक वाचला. पुढील दोन वर्षे हा माणूस आतून बदलत होता. या बदलाची पुरती कल्पना घरच्या माणसांना नव्हती. एका छपराखाली राहूनही पतीच्या मनाचा ठाव न लागणे हा वियोगाचाच एक प्रकार होता आणि पुढे घडलेल्या प्रत्यक्ष वियोगाची ती पूर्वतयारी होती.

४

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता नाशिककडे पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर कोसळलेल्या संकटाला त्या काळच्या समाजात नेमके नाव नव्हते. पती जिवंत होता, म्हणून त्या विधवा नव्हत्या. पतीने टाकले नव्हते, म्हणून त्या परित्यक्ताही नव्हत्या. तो तर त्यांना बोलावीतच होता. परंतु त्याच्या घरी जाणे म्हणजे जात, माहेर, देवघर आणि स्वयंपाकघर या सर्वांना मुकणे होते. पदरी दत्तू हा लहान मुलगा होता आणि तो कोणाचा, बापाचा की आईच्या कुळाचा, हा प्रश्न दोन्ही बाजूंना भेडसावत होता.

कायद्याच्या दृष्टीने हा विवाह अबाधित होता. मात्र हिंदू जोडीदाराने केवळ धर्मांतराच्या कारणावरून सहवास नाकारल्यास धर्मांतरित व्यक्तीला न्यायालयामार्फत विवाह संपविता यावा, अशी तरतूद १८६६ च्या कायद्याने केलेली होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी वाट पाहिली, आणि पत्रे लिहिली. लक्ष्मीबाईंनीही नाते तोडले नाही. दोघांच्या मध्ये धर्माची भिंत उभी असताना त्या भिंतीतून ये-जा करणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे पत्र.

हा वियोग सुमारे साडेचार-पाच वर्षे टिकला. त्यातील काही काळ लक्ष्मीबाई आपल्या बहिणीबरोबर पंढरपुरास होत्या. मराठी मनाच्या दृष्टीने पंढरपूर हे भेटीचे क्षेत्र. जीव आणि देव यांच्यातील अंतर तेथे मिटते, अशी वारकऱ्याची श्रद्धा. त्याच क्षेत्रात एक स्त्री नवऱ्यापासून तुटून राहत होती, आणि तुटण्याचे कारणही देवच होता. लक्ष्मीबाईंच्या काव्यरचनेचा आरंभ या वियोगाच्या काळातला आहे. संतांच्या विरहिणीत जीवात्मा परमात्म्यासाठी झुरतो. लावणीतील नायिका परदेशी गेलेल्या सख्यासाठी झुरते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेला विरह या दोन्ही साच्यांत बसत नव्हता. त्यांचा सखा परदेशी गेला नव्हता. तो थोड्या कोसांवरच्या नगरात होता आणि पोहोचणे सर्वस्वी शक्य असूनही पोहोचता येत नव्हते. अंतर कोसांचे असते तर ते चालून संपले असते. हे अंतर पाण्याच्या घागरीइतके आणि चुलीच्या कडेइतके होते.

‘स्मृतिचित्रे’तील या भागाचे निवेदन विलक्षण संयमित आहे. आक्रोशाला त्यात वाव आहे, पण आक्रोशावर ते थांबत नाही. दुःखाच्या ऐन भरात आपण किती हास्यास्पद वागलो, तेही निवेदिकेला दिसत राहते. विनोदाला अंतर लागते. स्वतःकडे जरा दुरून पाहिल्याशिवाय स्वतःवर हसता येत नाही. वियोगाने लक्ष्मीबाईंना टिळकांपासून दूर केले, आणि लेखनाच्या वेळी मध्ये गेलेल्या सुमारे तीन तपांनी त्यांना त्या काळच्या लक्ष्मीपासूनही दूर केले. या दुहेरी दुराव्यातून त्यांच्या विनोदाची जात घडली आहे.

५

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरास टिळकांकडे गेल्या. (या शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.) रूढ प्रतिमेनुसार येथे कथा संपावयास हवी : पत्नी पतीकडे गेली आणि त्याच्या धर्मात सामील झाली. प्रत्यक्षात घडले ते निराळे आहे. लक्ष्मीबाई पतीजवळ आल्या त्या हिंदू म्हणून आणि त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. टिळकांनी ही व्यवस्था मान्य केली. एकाच संसारात दोन चुली, दोन देव आणि मध्ये एक मुलगा असा हा सहवास होता. अंतर येथे संपले नाही. ते घरात आले आणि दोघांनी ते उघड मान्य केले. ज्या काळात पतीचा धर्म तोच पत्नीचा धर्म हे गृहीतच होते, त्या काळात पती-पत्नींनी एकमेकांच्या श्रद्धेला अशी जागा ठेवावी ही साधी घटना नव्हे.

पुढील मुक्काम राहुरीचा. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा तो काळ. मिशनच्या कामामुळे निरनिराळ्या जातींची, निराधार मुलेमाणसे भोवती होती. येथेच लक्ष्मीबाईंच्या मनात जातिभेदाचा प्रश्न उभा राहिला. हा भेद देवाने केला की माणसाने? विचार करता करता, तो माणसाचा आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतः आल्या. या क्षणी टिळक त्यांना उपदेश करीत नव्हते. किंबहुना टिळकांनी जे युक्तिवादाने साधले नसते, ते लक्ष्मीबाईंनी एकान्तात साधले. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या बापाची मुलगी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सिद्ध झाली. त्यांच्या आयुष्यातील खरे स्थित्यंतर ते हेच. १९०० मध्ये राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला, परंतु ग्रंथात त्या विधीपेक्षा आधीच्या विचाराचे वजन अधिक आहे.

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनाच्या परंपरेशी तुलना केली असता हा विशेष अधिक स्पष्ट होतो. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात सारे निवेदन धर्मांतराच्या दिशेने चालते. आधीचा काळोख आणि नंतरचा उजेड अशी त्याची मांडणी शीर्षकातच सूचित झाली आहे. ‘स्मृतिचित्रे’त असा उदय नाही. आधीचे आयुष्य काळोखाचे होते, असे लक्ष्मीबाईंचे निवेदन कोठेही भासवीत नाही. जलालपूरचे घर, पंढरपूरचे दिवस, सोवळ्याचे आग्रह या साऱ्यांकडे ख्रिस्ती झालेली वृद्धा ममतेने आणि गमतीने पाहते. दोन धर्मांमधली जागा तिने मोकळी ठेवली आहे, आणि त्या मोकळ्या जागेतून ती दोन्हीकडे पाहू शकते.

६

१९०० नंतरच्या एकोणीस वर्षांत टिळकांचे घर माणसांनी भरून गेले. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे, कवी अशी कोणाचीही त्या घरात ये-जा असे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर महाराष्ट्राला परिचित झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, नगरच्या या घरात मुलासारखे राहिले. टिळकांची कविता या काळात बहरली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या संपादनाचे काम त्यांच्याकडे होते. १९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले.

सहवासाच्या या वर्षांतही टिळकांची अनुपस्थिती संपली नव्हती. हाती आलेले देऊन टाकावे, दारी आलेल्याला घरात घ्यावे आणि त्याच्या पोटाची चिंता पत्नीवर सोपवावी, हा क्रम चालूच होता. संतापाचा झटका आणि त्यानंतरचा पश्चात्ताप, दोन्ही तितकेच उत्कट. अशा पतीशी लक्ष्मीबाई भांडल्या, त्याला त्यांनी फटकारले, वेळी हसून सोडून दिले. त्यांच्या लेखनात टिळक कोठेही देवत्वाला पोहोचत नाहीत. एका साध्या व्याकरणिक गोष्टीतून हे कळते. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीचा निर्देश ‘स्वतः’ या शब्दाने केला. नाव न घेण्याच्या संकेतातून आलेले ते आदराचे अंतर आहे. लक्ष्मीबाई आपल्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. या आडनावात आदर आहे, पण भयभक्ती नाही. जवळीक आहे, पण मालकी नाही. पूर्ण उंचीचे, आपल्याहून वेगळे असे एक माणूस त्या एका शब्दाने समोर उभे राहते. दोन व्यक्ती निरनिराळ्या आहेत हे मान्य केल्यावर त्यांच्यात जी जवळीक संभवते, तिचे हे भाषिक रूप होय.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा संकल्प केला. साताऱ्यास त्यांचे हे कार्य सुरू झाले. संसारी पुरुषाचा संन्यास हा भारतीय परंपरेत पत्नीच्या वाट्याला येणारा शेवटचा वियोग. लक्ष्मीबाईंना तो अपरिचित नव्हता. आयुष्यभर त्याची तालीम झालेली होती. १९१८ मध्ये बालकवींचा रेल्वेखाली अपघाती अंत झाला. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक निवर्तले.

७

टिळकांनंतर लक्ष्मीबाई सुमारे सतरा वर्षे जगल्या. त्यातील काही काळ त्या मुलाच्या संसाराबरोबर कराचीस होत्या. या वर्षांत त्यांनी हाती घेतलेली दोन कामे अनुपस्थित माणसाशी असलेल्या नात्याची दोन भिन्न रूपे दाखवितात.

पहिले काम ‘ख्रिस्तायन’चे. टिळकांच्या हातून त्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली आणि शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने पंडित कवीचे महाकाव्य पुढे न्यावे हे नवल खरेच. येथे त्यांनी पतीची जागा भरून काढली. त्याचा छंद, त्याचा विषय, त्याचा संकल्प त्यांनी आपला मानला.

दुसरे काम ‘स्मृतिचित्रे’चे. त्याचा उगमही टिळकांच्या निमित्ताने झाला. देवदत्त टिळक पित्याचे चरित्र सिद्ध करण्याच्या खटपटीत होते आणि त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात अशी योजना होती. म्हणजे हे लेखन मुळात दुसऱ्याच्या चरित्राचे साधन होते. परंतु लिहिता लिहिता साधनच ग्रंथ झाले. टिळक घरात नसतानाच्या आठवणी सांगायच्या, तर टिळक दिसणार कोठून? दिसते ते वाट पाहणारे घर, न आलेले पत्र, अचानक आलेली तार, उसने आणलेले धान्य आणि या साऱ्यांमध्ये वावरणारी एक स्त्री. चरित्रनायक जितका दूर जातो, तितकी निवेदिका ठळक होते. ‘ख्रिस्तायन’मध्ये त्यांनी पतीची रिकामी जागा भरली, ‘स्मृतिचित्रे’त ती रिकामी ठेवून तिच्या कडा रेखाटल्या. साहित्य म्हणून या दोहोंतील दुसरा ग्रंथ अधिक जिवंत राहिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. गेलेल्या माणसाच्या आवाजात बोलण्यापेक्षा त्याच्या नसण्याविषयी आपल्या आवाजात बोलणे लक्ष्मीबाईंच्या प्रतिभेला अधिक मानवले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुरा राहिला. टिळकांच्या मृत्यूबरोबर हा ग्रंथ संपला नाही, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. केवळ पतीचे स्मरण हाच हेतू असता, तर १९१९ नंतर लिहिण्यास काही उरले नसते. लक्ष्मीबाई पुढे लिहीत राहिल्या, कारण पुढे त्या जगत राहिल्या होत्या.

८

१९५० मध्ये ई. जोसेफाइन इन्कस्टर यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने प्रसिद्ध झाला. मागोमाग येते, असा त्या नावाचा आशय. ते नाव एका पिढीच्या आकलनाचे द्योतक आहे. २०१७ मध्ये शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आला. त्याने मूळ मराठी शीर्षक कायम ठेवले. मात्र त्याच्या उपशीर्षकातही लक्ष्मीबाईंची ओळख तेजस्वी पत्नी अशीच आहे. पत्नीपणाची चौकट ओलांडून त्यांच्याकडे पाहणे आजही सोपे गेलेले नाही.

मागोमाग येणाऱ्या व्यक्तीला अंतराची कला साधत नाही. कारण मधले अंतर मिटविणे हेच तिचे उद्दिष्ट असते. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील निर्णायक क्षण पाहिले, तर त्या प्रत्येक वेळी थांबल्या आहेत. १८९५ मध्ये त्या गेल्या नाहीत. नगरास गेल्या तेव्हा त्यांनी चूल वेगळी मांडली. राहुरीस आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपणच शोधले. आणि आठवणी लिहावयास बसल्या तेव्हा पतीच्या चरित्राला लागणारी सामग्री देता देता त्यांनी आपले आयुष्य लिहिले. प्रेमाचा पुरावा म्हणून अभेदाची मागणी करणाऱ्या परंपरेत त्यांनी भेद राखून प्रेम केले. हे घडताना त्याची किंमत त्यांनी मोजली, टिळकांनी मोजली आणि दोघांमध्ये वाढणाऱ्या दत्तूनेही मोजली. त्या किमतीचा हिशेब ‘स्मृतिचित्रे’त कोठेही लपविलेला नाही. विनोदाच्या प्रसन्न प्रकाशात तो वाचकाला लगेच दिसत नाही इतकेच. स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करताना या ग्रंथाकडे पतिनिष्ठेचा दाखला म्हणून पाहण्याची रीत आता मागे पडावयास हवी. दोन माणसांमधली जागा कशी जपावी आणि कशी लिहावी, याचा वस्तुपाठ म्हणून तो वाचला, तर लक्ष्मीबाईंच्या जीवनालाही आणि त्यांच्या गद्यालाही अधिक न्याय मिळेल.